मायक्रॉन गुरुजी

वाशीमात कुणाला "बरं आहे ना?" विचारलं तर तो गुडघ्याचं सांगतो. मायक्रॉन गुरुजी आकडा सांगतात. "९४. काल ११० होतं."

निवृत्तीनंतर पोराने पुण्याहून हवा मोजायचं यंत्र पाठवलं, तेव्हापासून हे सुरू आहे. आत इवलासा पंखा आणि लेझर. कणांवरून विखुरणाऱ्या उजेडावर हिशेब. खिशात पेनाच्या जागी आता तेच.

सोयाबीनच्या सोंगणीत गुरुजींना घर आवडत नाही. थ्रेशर धडधडतो, कुटाराचा लोट उठतो, बाया पदराने तोंड बांधतात आणि गुरुजी ऐन लोटात यंत्र धरून ओरडतात, "याला भिऊ नका! हे जाडं, नाकातच अडकतं. खरा चोर अडीच मायक्रॉनचा, केसाच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी!"

"मंग गुरुजी, हे डोयात काय चाल्लं?"

याचं उत्तर यंत्रात नसतं.

बारीक कण धुराचे, हे त्यांचं खरंच आहे: पऱ्हाटीची चूल, डिझेल, पेटवलेला कचरा. पण कण कुठला हे ठरवायला फिल्टरवर धूळ जमवून प्रयोगशाळेत तपासावी लागते. पोटॅशियम जास्त तर लाकूडफाटा, सिलिकॉन-ॲल्युमिनियम जास्त तर माती. एवढा धीर गुरुजींना कुठला? ते हुंगतात. "पुसद नाका. ट्रक. सहाचाकी." अडीच मायक्रॉनच्या कणांची सरकारी मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, तीही २४ तासांची सरासरी. गुरुजींचा निकाल २४ सेकंदांत.

एका डिसेंबरात यंत्राने पहाटे ४०० दाखवले. गुरुजींनी गल्लीभर दारं-खिडक्या बंद करवल्या. धुक्याचे थेंबही लेझरला कणच वाटतात, हे पोराने फोनवर सांगेपर्यंत दूधवाला रस्त्यावर ताटकळत होता.

घरी मात्र खाटेखाली रात्रभर मच्छर कॉइल. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात, असं २००३ सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं. "अहो, ते यंत्र जरा इकडं लावा की," काकू म्हणतात.

"रात्री ते चार्जिंगला असतं."

तरी एक श्रेय द्यावंच लागेल. पाटणी चौकातल्या चहावाल्याने टपरीमागे कचरा पेटवणं सोडलं. धोका पटला म्हणून नव्हे. गुरुजी यंत्र घेऊन बाकावर बसले की गिऱ्हाईक उठून जातं म्हणून.