नाताळाची काटछाट

मनुष्याने श्रम वाचविण्यासाठी काढलेली प्रत्येक युक्ती कालांतराने स्वतःच एक श्रम होऊन बसते, या सिद्धान्ताची सत्यता ज्याला पडताळून पाहावयाची असेल त्याने नाताळाचे दप्तर उघडावे. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र पोहोचविणारी टपालपद्धती सुरू झाली. ती रूढ व्हावी म्हणून ज्यांनी कंबर कसली होती त्यांपैकीच एक असलेल्या हेन्री कोल यांच्या मेजावर मग सणासुदीच्या पत्रांचा असा काही ढीग साचू लागला की, १८४३ साली त्यांनी हॉर्सली नामक चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले, त्याखाली शुभेच्छा छापविल्या आणि उत्तरे लिहिण्याच्या जाचातून स्वतःची मुक्तता करून घेतली. उरलेली कार्डे शिलिंगाला एक या दराने विक्रीस ठेवली. चित्रात एक बालक मद्याचा घोट घेताना दाखविले असल्यामुळे मद्यपाननिषेधक मंडळी खवळली. परंतु त्यांचे बोट चुकीच्या ठिकाणी पडले, असे माझे नम्र मत आहे. खरा अनर्थ त्या प्याल्यात नसून त्या कार्डात होता. एका गृहस्थाचा हात दुखावयाचा वाचला आणि पुढील पिढ्यांच्या माथी याद्या, पत्ते, तिकिटे आणि ‘त्यांचे आले, आपले गेले काय?’ ही कायमची टोचणी आली.

मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन कारभाऱ्यांनी तर १६५९ साली हे प्रकरण मुळासकटच निकालात काढण्याचे योजिले, आणि जो नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड, असे फर्मान सोडले. १६८१ साली ते मागे घ्यावे लागले. पाच शिलिंगांत नाताळातून सुटका होत असेल, तर दंड भरण्यासाठी आमच्या गावातील कर्त्या पुरुषांची आज पहाटेपासून रांग लागेल! पुढे १९१२ साली न्यूयॉर्क येथे निरुपयोगी भेटवस्तूंना प्रतिबंध करणारी एक संस्था निघाली. वरिष्ठांना नजराणे देण्यासाठी नोकरदार स्त्रियांकडून सक्तीची वर्गणी उकळली जाई, तिला आळा घालणे हा संस्थेचा मूळ हेतू. खुद्द थिओडोर रूझवेल्ट तिचे सभासद झाले. हेतू स्तुत्यच होता. पण एक उपद्व्याप टाळण्यासाठी मनुष्याला आधी सभासद व्हावे लागते, यातच सारे आले.

आमच्या वसईच्या घरीही अशीच एक सभा दरसाल डिसेंबरच्या आरंभी भरते. अध्यक्षस्थानी अर्थात आत्या. ‘यंदा सगळे कमी करायचे’ हा ठराव एकमताने मंजूर होतो, आणि कलमवार चर्चा सुरू होताच जो तो आपल्या कलमापुरता अपवाद मागू लागतो. गोठ्याला हात लावू देणार नाही, असे पुतण्याने बजावले. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो या गावी गव्हाण, वैरण, एक बैल आणि एक गाढव एवढ्याच सरंजामावर भागविले होते, हे मी त्याच्या नजरेस आणून दिले.

“काका, त्यांचा बैल खरा होता,” तो म्हणाला. “आणायचा का?”

मी गोठ्याच्या देखाव्यातील धबधब्याचा पंप मंजूर केला.

फराळाच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक. दिवाळीत शेजारच्या वहिनींकडून आलेले ताट रिकामे परत जाता कामा नये हा जुना शिरस्ता. सबब ते ताट नाताळापर्यंत आमच्या फडताळात ओलीस असते. केक आणि करंज्या यांना त्यामुळे अभय मिळाले. उरले कलकल. पाककलेच्या जमाखर्चात हा पदार्थ म्हणजे शुद्ध तोटा. मैद्याची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबावयाची, अंगठ्याने पसरावयाची आणि अशी गुंडाळावयाची की वर काट्याच्या रेघा उमटाव्यात. एक मनुष्य घटकाभर खपला तर दोनचार मुठी होतात, आणि तळून पाकात घोळताच दुसरा मनुष्य त्या उभ्याउभ्याच संपवितो. काटछाटीचा पहिला बळी तोच ठरावा, हे न्यायाचेच दिसत होते.

परंतु कार्डे मी एकटा लिहितो, दिव्यांच्या माळांचा गुंता पुतण्या एकटा सोडवितो आणि बाजारातून पिशव्या वाहून आणते ती पत्नी एकटीच. कलकलाची परात मात्र मध्ये आली की सारे घर तिच्याभोवती बसते, आणि बोटे मैद्याने बरबटलेली असल्यामुळे कोणाला लवकर उठून जाताही येत नाही. वर्षभर अबोला धरून बसलेल्या थोरल्या भावजयीने “जरा तेल सरकवा” असे सर्वांच्या देखत म्हटले ते या परातीपाशीच. दुबईहून आलेल्या जावयाची कारागिरी पाहून आत्याने “ह्या आळ्या कोणी केल्या?” असे विचारले तेही येथेच, आणि तो भला मनुष्य तेव्हापासून या घरात जावयासारखा वागवून घेत नाही, मुलासारखा भांडतो. हे सर्व मी सभेपुढे यथामती मांडले.

आत्याने चष्मा पुसला आणि निकाल दिला. कार्डे बंद. भेटी फक्त लहान मुलांना. दिव्यांची माळ एक. कलकल दुप्पट.

“दुप्पट?” पत्नी म्हणाली. “अहो आत्या, पण करणार कोण?”

“कार्डांचा वेळ वाचला ना ह्याचा?” आत्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. “उद्या सकाळी काटा घेऊन बसेल.”