कासव नेमकं कुणाचं?

सीमेवरच्या बोरगावात उसाच्या बांधावर पाठीवर चांदण्या असलेलं कासव सापडलं, तर पहिला वाद व्हायचा तो ते महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं यावर. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात लावला २००४ साली, निकाल अजून लागायचाय. त्या दिवशी इथून निघालेलं कासव एव्हाना दिल्ली बघून परतीला लागलं असतं.

मग मुक्काम आपल्या घरी. शेजारचे अण्णा आधी नखं मोजणार. वीस भरली की पैशाचा पाऊस पडतो म्हणे. काकी त्याला पाण्याच्या परातीत सोडणार, वास्तूवाल्या काचेच्या कासवासारखं. हे तर कोरड्या रानातलं, याला पोहता येत नाही. ते मान आत ओढून घेतं. काकी म्हणतात, "लाजतंय बघा!" चार दिवस सांभाळू म्हणता म्हणता पोरं त्याचं नाव ठेवतात आणि विषय संपतो.

देवळातलं दगडी कासव खुशाल पुजा. हे मात्र १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळल्यास तीन ते सात वर्षं कैद, आणि हा कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच. तेव्हा वनखात्याला त्याच दिवशी कळवा, नाव ठेवायच्या आत.