पद्मदुर्गाच्या अलीकडे

घरात काही बिघडलं की मला बॅटरी धरायला बोलावतात. पाना दुसऱ्याच्या हातात, उजेड माझ्याकडे, आणि तोही नको तिथे. ही कीर्ती मुरूडच्या समुद्रापर्यंत पोचली नसावी. पद्मदुर्ग किल्ला समोर दिसत असताना बोटीच्या इंजिनाने उचक्या दिल्या आणि ते गप्प झालं. खलाशाने नांगर सोडला. तांडेलाने फळी उचलली, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, जरा बॅटरी धरा."

"अहो, इथेही?" सौ. म्हणाली.

फीड पंपाला टाकीकडून येणाऱ्या नळीचा जोड गळत होता. इंजिन बंद असलं की तिथून डिझेल बाहेर. चालू झालं की पंप तिथूनच हवा ओढणार. हवा दाबली जाते, म्हणून पुढच्या इंजेक्शन पंपाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. आमच्या ऑफिसचा कारभार असाच चाले.

"आवळा ना घट्ट!" पुण्याच्या एका गृहस्थांनी बसल्या जागेवरून हुकूम सोडला. त्या जोडाचा बोल्ट आतून पोकळ असतो. जास्त जोर लावला तर मुंडी हातात येते. "मग एम-सील लावा!" डिझेलने ओल्या झालेल्या धातूवर ते धरत नाही, पण हे त्यांना कुणी सांगण्याआधीच एक लाट आली आणि पुढे बराच वेळ ते काठावर वाकलेले होते.

शांतता पाहून मी सर्वांना माहिती दिली, की १९१३ च्या सप्टेंबरात खुद्द रुडॉल्फ डिझेल 'ड्रेस्डेन' बोटीने इंग्लंडला निघाले, रात्री केबिनमध्ये गेले आणि सकाळी बोटीवर नव्हतेच. एक बाई रामरक्षा म्हणू लागल्या. सौ.ने माझी बॅटरी पुन्हा इंजिनाकडे वळवली.

जोडातले तांब्याचे वायसर कडक झाले होते. नवे होते, पण मुरूडच्या दुकानात. तांडेलाने जुनेच तारेत ओवले, नाळीवरच्या स्टोव्हवर लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात बुडवले. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं मऊ पडतं. जोडाखाली त्याने कापलेला डबा ठेवला होता. थेंबभर डिझेलसाठी एवढं कशाला, मी विचारलं.

"तळातलं पाणी दर्यातच जातं ना काका. उद्या हितंच जाळी टाकायची."

त्यानंतर मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

बोल्ट बसला. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून तांडेल फीड पंपाचा छोटा दांडा हलवत राहिला. फेस, पुन्हा फेस, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला. इंजिन लागलं. पुण्याच्या गृहस्थांनी मान वर करून "मी म्हटलंच होतं" असं म्हटलं.

पद्मदुर्ग शिवकालातला. तिथले दगड खाऱ्या वाऱ्याने झिजलेत, त्यांना जोडणारा चुना मात्र अजून उभा आहे. तांडेलाने तो नखाने खरवडून पाहिला.

तुम्ही गेलात तर लाइफ जॅकेटांबरोबर जादा वायसरांचीही चौकशी करा; चार पैशांची वस्तू आहे. आणि पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा बोटी सुटत नाहीत.