चौदा टक्के बुडालेलं घर

पूर आला की बघायला सगळे येतात. मंत्री येतात, वाहिनीवाले येतात, पुलावर मोबाईल धरून शेजारच्या गावचेही येतात. पाणी ओसरलं की मात्र दोघंच मुक्कामाला राहतात. गाळ आणि खर्च.

यवतमाळकरांना हे नव्याने सांगायला नको. २२ जुलै २०२३ ला शहराच्या सखल वस्त्या पाण्यात गेल्या, पैनगंगेच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. आदल्या वर्षीच्या जुलैत वर्धा नदीने वणी-मारेगावकडच्या गावांना घेरलं होतं. माणसं काढायला हेलिकॉप्टर मिळतं.

गाळ काढायला फावडं आपलंच.

याच यवतमाळ शहराने २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर टँकरसाठी पैसे मोजले. पाच वर्षांनी घरातलं पाणी उपसण्यासाठी मोटारपंपाचं भाडं मोजलं. पाणी आणायचा खर्च आपला, घालवायचा खर्चही आपला. मग पाणीपट्टी नेमकी कशाची भरतो?

असो. बिल मांडू.

पडलेली एक भिंत, उखडलेली फरशी, कमरेपर्यंतचा गिलावा, नवं वायरिंग, वरून रंग. मिस्त्रीची हजेरी सात-आठशे, हाताखालच्या मजुराची वेगळी. सिमेंटची पिशवी साडेतीनशेच्या आसपास. विटा, गिट्टी, ट्रॅक्टरचं भाडं. हात कितीही आखडता घ्या, पन्नास हजारांच्या आत मिस्त्री घरातून बाहेर पडत नाही. हा फक्त भिंतींचा हिशेब. फ्रिज, कूलर, गाद्या, पाणी पिऊन फुगलेली प्लायची आलमारी आणि मुलांची दप्तरं यांचा अजून विषयच काढलेला नाही.

रेतीची गंमत निराळी. घर पडतं पावसाळ्यात. नदीतला रेतीउपसा बंद असतो तोही पावसाळ्यात. म्हणजे गरजेच्या वेळी मिळते ती चोरीची, आणि तिचा भावही चोरीचाच. नदी तुमच्या घरात एवढं काय काय आणून टाकते, पण सगळा गाळ. रेती तेवढी आणत नाही.

तिलाही धंदा कळतो.

सिमेंटवर २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. पानमसाल्याच्या पंगतीत. आता १८ टक्के आहे. पुरात पडलेली भिंत बांधणारा आणि हौसेने तिसरा मजला चढवणारा, दोघांना दर एकच. कराच्या बाबतीत सरकार भेदभाव करत नाही. मदतीच्या बाबतीत करतं.

आता मदत बघू.

आपत्ती मदतीचे राष्ट्रीय निकष २०२२ मध्ये सुधारले. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० रुपये. कच्च्या घराची झाली तर ४,००० रुपये. त्याआधीचा २०१५ चा दर पक्क्या घराला ५,२०० होता. सात वर्षांत तेराशेची वाढ. वर्षाला दोनशेही नाही. एवढ्यात मिस्त्री दुपारचा चहा होईपर्यंत थांबेल.

बरं, हे साडेसहा हजारही पडझड किमान १५ टक्के असेल तरच. चौदा टक्के पडलेलं घर हे कायद्याच्या नजरेत उभं घर. पंधरावा टक्का पडला की आपत्ती. घराचे टक्के मोजतो कोण? टेप घेऊन तुमच्या अंगणात उभा असलेला कर्मचारी. त्याच्याकडे आणखी चार गावं असतात, मोटारसायकल असते आणि वरून ‘आजच्या आज यादी पाठवा’ असा निरोप असतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

टेप त्याची नाही, दिल्लीची आहे.

झोपडीचं प्रकरण तर थोरच. झोपडीला ८,००० रुपये. म्हणजे अंशतः पडलेल्या पक्क्या घरापेक्षा जास्त आणि कच्च्या घराच्या दुप्पट. झोपडीला थोडं झुकतं माप दिलं, हे बरंच झालं. पण मातीच्या भिंतीवर चार टिना टाकलेलं घर कुठे बसवायचं? झोपडीत की कच्च्या घरात? चार हजारांचा हा प्रश्न पेनच्या एका फटकाऱ्यात सुटतो. कुठल्या बाजूला सुटतो, ते विचारू नका.

आणि घर पूर्णच गेलं तर? सपाट प्रदेशात १ लाख २० हजार. घरकुल योजनेच्या २६९ चौरस फुटांनी भागा. चौरस फुटाला सुमारे ४४६ रुपये. या दरात घर बांधून देणारा कंत्राटदार कुणाला माहीत असेल तर त्याचा पत्ता कृपया सार्वजनिक बांधकाम खात्याला कळवा. तिथे त्याची फार गरज आहे.

कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. केंद्राच्या निकषात यासाठी घर वाहून जायला हवं, पूर्ण पडायला हवं किंवा दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात बुडून राहायला हवं. नाल्याचा पूर बिचारा घाईचा. रात्री येतो, सकाळी जातो. त्याला कोण सांगणार की बाबा, परवापर्यंत थांब, तेवढ्याने यांचे पाच हजार होतील? राज्याने ही रक्कम २०२३ च्या जुलैत ५ हजारांवरून १० हजार केली, हे मान्य. दुकानदारांना कमाल ५० हजार आणि टपरीवाल्यांना कमाल १० हजार देण्याचंही ठरवलं, हेही मान्य.

पण हे पैसे आधी खात्यात यायला हवेत ना?

पंचनामा, यादी, तपासणी, पुन्हा यादी. मग विशिष्ट क्रमांक. मग सेवा केंद्रात जाऊन ई-केवायसी. आधार कार्ड पुरात भिजलं असेल तर आधी त्याची नवी प्रत. अंगठा उमटत नाही, कारण आठ दिवस गाळ उपसून बोटांच्या रेषा झिजल्यात. यंत्र म्हणतं, हा माणूस तो नव्हेच. तेही बरोबरच. पुराआधीचा माणूस आता कुठे राहिलाय?

एवढं करून पंचनामा होतो तो ओल्या भिंतीचा. यवतमाळची जमीन काळी, कापसाची. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. पायाखालची जमीन अशी हालली की भिंतीला खरे तडे हिवाळ्यात, उन्हाळ्यात दिसू लागतात. तोवर फाईल बंद. मार्चमध्ये तडा घेऊन तहसीलला गेलात तर साहेब कॅलेंडरकडे बघतील.

मार्चमध्ये कुठला आलाय पूर?

लोणा हा दुसरा सावकार. भिंत पुरती वाळू न देता रंग मारला की क्षार वर येतात, पोपडे सुटतात, रंगाचे पैसे पाण्यात. जाणता मिस्त्री म्हणतो, चार महिने थांबा. पण दिवाळी कोणत्या घराला चार महिने थांबू देते? मग रंग मारायचा, आणि होळीला पुन्हा मारायचा. एकाच भिंतीचं बिल दोनदा.

घरात ठेवलेल्या कापसाचं काय? भाव वाढेल या आशेने जिल्ह्यातली कितीतरी घरं पावसाळा लागेपर्यंत माजघरात कापूस धरून बसतात. तो भिजला तर शेतपिकाच्या रकान्यात बसत नाही, कारण तो शेतात नाही. कपड्यांत बसत नाही, कारण त्याचा कपडा झालेला नाही. भांड्यांत तर नाहीच. वर्षाची कमाई घरात, आणि निकषाच्या तक्त्यात तिच्यासाठी ओळच नाही.

केंद्र सरकार संसदेत वारंवार सांगतं की आपत्ती निधीतला पैसा तात्पुरत्या आधारासाठी असतो, नुकसान भरून देण्यासाठी नसतो. निदान हे तरी खरं सांगतात. मग हाच पैसा वाटताना धनादेशाची एवढी मोठी प्रतिकृती कशाला लागते?

आणखी एक अट बघा. पडलेलं घर अधिकृत हवं. नाल्याकाठच्या घराकडून घरपट्टी घेताना ते अधिकृत असतं. वीजबिल देताना असतं. निवडणुकीच्या पावत्या वाटताना तर ते अतिशय अधिकृत असतं. पूर आला की एका रात्रीत अतिक्रमण होतं.

जलसंपदा खातं नदीला दोन रेषा आखतं. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा नकाशावर असतात, प्लॉट जमिनीवर. ले-आउट पाडणारा तुम्हाला गार्डन दाखवतो, मंदिर दाखवतो, ‘फ्यूचरमध्ये’ येणारा रस्ता दाखवतो. निळी रेषा दाखवतो का? ती नदीच दाखवते. तोवर त्याने तिसऱ्या गावात ले-आउट पाडलेला असतो.

सिमेंट रस्त्यांचंही कौतुक करू. जुना रस्ता न खोदता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. रस्ता दर निवडणुकीला वर जातो आणि त्याच्या काठची जुनी घरं जागच्या जागी तळघरं होतात. मग थोडा पाऊस झाला तरी पाणी उंबरठा ओलांडतं. घरमालक जोतं उचलायला निघतो, दारं कापतो, पायऱ्या आत उतरवतो. रस्त्याचं बिल करातून, रस्त्याने आत ढकललेल्या पाण्याचं बिल खिशातून. कंत्राटदाराची अनामत मात्र सुखरूप परत जाते.

वणीकडच्या गावांची कितीतरी वर्षांची तक्रार आहे की खाणींच्या मातीचे ढिगारे पाण्याची वाट अडवतात. धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांची आणखी एक तक्रार असते, निरोप उशिरा आल्याची. ढिगारा कुणाचा, दरवाजा कुणाचा, नाला कुणाच्या हद्दीत, यावर तीन खाती तीन पत्रं लिहितात.

पत्रांना पूर येत नाही.

मग विमा का काढत नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी स्वतःची कागदपत्रं तपासावीत. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची प्रमाण विमा पॉलिसी आहे. पूर तिच्यात येतो. घरातल्या सामानाला घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत आपोआप संरक्षण मिळतं. छोट्या घराला वर्षाचा हप्ता हजार-पाचशेच्या घरात. चांगली गोष्ट आहे. म्हणूनच बहुधा कुणी सांगत नाही. एजंटाला आयुर्विम्यात रस, बँकेला कर्जदाराच्या आयुष्यात रस. आणि मातीच्या घराचा विमा काढायला पांदण रस्त्याने आलेला एजंट कुणी पाहिलाय?

आपणही कमी नाही. मोटारसायकलचा विमा काढतो, कारण चौकात पोलीस उभा असतो. घराच्या चौकात पोलीस नसतो. दोन हजारांच्या दंडापायी पळणारे आपण, पाच लाखांच्या घरापायी शांत बसतो. वर म्हणतो, इतकी वर्षं कुठे आलं पाणी?

अमेरिकेत बघा म्हणे. बघू. तिथल्या आपत्ती संस्थेचा ठोकताळा आहे की घरात इंचभर पाणी शिरलं तर २५ हजार डॉलरपर्यंत नुकसान होऊ शकतं. तिथे घरात शिरलेल्या पाण्याच्या प्रती ठरलेल्या असतात, स्वच्छ, मळकं आणि काळं. प्रत पाहून दर. घर वाळवायला मोठाले पंखे, हवेतली ओल शोषणारी यंत्रं, गणवेशातली माणसं. आपल्याकडे गटार, नाला, नदी आणि गोठा एकाच पाण्यात येतात. तिन्ही प्रती एकत्र, जादा आकार नाही. घर वाळवायला शेजाऱ्याचा टेबल फॅन, विहिरीत टाकायला टीसीएल पावडर. मात्र तिथेही सरकारी पूरविम्याला साधारणतः ३० दिवस आधी पैसे भरावे लागतात. ढग दिसल्यावर धावून उपयोग नाही. एवढं एक साम्य धरा. शहाणपण तिथेही पाणी ओसरल्यावरच येतं.

तर हिशेब असा. नाला बुजवणारा वेगळा, रस्ता उंच करणारा वेगळा, प्लॉट विकणारा वेगळा, दरवाजे उघडणारा वेगळा. भरणारा एकच. तोही उधारीवर. बचत गटाचं कर्ज, फायनान्सवाल्याचा आठवडी हप्ता, नाहीच जमलं तर मंगळसूत्र सोनाराकडे. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनात सगळ्यात वेळेवर येणारा निधी हाच. त्याला ई-केवायसी लागत नाही.

म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी एक सोपी मागणी करू. पॅकेज नको, दौरा नको. सरकारने स्वतःचाच नियम स्वतःला लावावा. पन्नास हजारांच्या भिंतीला साडेसहा हजार म्हणजे १३ टक्के. १५ टक्क्यांच्या आतली पडझड तुम्ही नुकसान धरत नाही ना?

मग १३ टक्क्यांची मदत आम्ही मदत कशी धरावी?