आमी काय मेलो का?

कोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही पारावर जा, असे एक आबा भेटतातच. वय साठीच्या पुढं, टोपी तिरपी, डाव्या हाताची करंगळी अर्धी. तुम्ही आपल्या पोराला "विहिरीकडं जाऊ नको रे" म्हणालात, की आबा बसल्या जागेवरनं विचारतात, "आमी काय मेलो का?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. समोर धडधाकट माणूस तंबाखू मळत बसलेला असतो.

आबांच्या लहानपणी पोहायला शिकवायचं म्हणजे चुलत्यानं पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि मागनं ढकलून द्यायचं. चुलता मग काठावर बसून विडी पेटवी. विडी संपेपर्यंत पोरगं शिकलेलं असे. विहिरीवर डिझेल इंजिन. तेही बहुधा तालुक्यातल्याच सातारारोडच्या कूपर कारखान्यातलं. फिरत्या पट्ट्यावरनं उडी मारणारा तो मर्द, आणि हँडल उलटं बसून दात गेलेला त्याहून मर्द. (कुणाच्या घरी इंजिन आधी आलं हे त्या पिढीच्या पुढच्या दातांवरनं सांगता येतं, असा माझा दावा आहे.)

गुऱ्हाळाचा विषय निघाला की आबांचा आवाजच बदलतो. उसाच्या चालत्या गाडीला मागनं लोंबकळून कांडकं उपसायचं, ही झाली बालवाडी. पुढची इयत्ता काहिलीची. उकळत्या रसात दोरीला बटाटा बांधून सोडायचा, आणि ओढणारं पोरगं आत जाऊ नये म्हणून दुसऱ्यानं मागनं त्याची चड्डी धरायची. "बगा, काळजी आमीबी घ्यायचो," आबा म्हणतात. चड्डीला बटण नव्हतं, ही माहिती त्यांच्या धाकट्या भावानं पुरवली.

आज ज्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याच्यावर हे लोक बीएचसी पावडर फडक्यात बांधून झटकत. तोंडाला काही नाही. पुढं 1997 मध्ये सरकारनं त्या पावडरीवर बंदी घातली. आबा म्हणतात, "त्याच हातानं भाकरी खाल्ली की!" आणि मळणीयंत्रात माणसांचे हात जातात म्हणून दिल्लीत 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला, तो अजून पारापर्यंत पोचायचाय. लागलंच काही, तर दगडीपाला चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा. फारच लागलं, तर घरी सांगायचं नाही, कारण आई आधी मारायची आणि मग हळद लावायची.

मात्र खालच्या वस्तीवरच्या पडक्या विहिरीचं नाव काढलं, की आबा चुन्याची डबी शोधायला लागतात. "ते येगळं," एवढंच म्हणतात. डबी त्यांच्या हातातच असते. त्या विहिरीबद्दल पारावर कुणी "मेलो का" असं विचारत नाही.

राहता राहिली करंगळी. ती मी आजवर तीनदा ऐकली. एकदा कडबाकुट्टीत गेली, एकदा चरकात, आणि एका जत्रेच्या रात्री तर तिला बैलाच्या शर्यतीतलं चाक लागलं होतं. परवा आबांच्या घरी चहाला गेलो तेव्हा काकींच्या समोर पुन्हा विषय काढला. आबांनी नेमकी कडबाकुट्टी निवडली. दातऱ्या कशा फिरत होत्या, रक्त कसं वैरणीवर उडालं, सगळं साग्रसंगीत.

काकी कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, "कशाची कडबाकुट्टी न् काय! पुण्याला थोरल्याकडं गेलतो, तवा बिल्डिंगीच्या लिफ्टच्या जाळीत घावलं बोट. सोसायटीचा वॉचमन रडाय लागलावता."

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बगा," मला म्हणाले, "रानात कवा काय झालं का?"