छत पाहून फ्लॅश घ्यावा

पहिला फ्लॅश घ्यायचा विचार पक्का झाला की सर्वप्रथम हॉलमध्ये सतरंजी घालावी आणि तिच्यावर उताणं पडावं. घरातली माणसं विचारतील, "बरं नाहीये का?" उत्तर देऊ नये. छताकडे पाहावं. रंग पांढरा आहे का? उंची नऊ-दहा फूट आहे का? पंख्याखेरीज आणखी काही लोंबत तर नाही ना? छत या परीक्षेत पास झालं तर निम्मा फ्लॅश घरात आलेला आहे असं समजून उठायला हरकत नाही. उरलेला निम्मा दुकानातून आणायचा.

हा क्रम बाजारात कोणी सांगणार नाही, कारण छत विकून दुकानदाराला काही सुटत नाही.

कॅमेऱ्याच्या डोक्यावर टुणकन उभा राहणारा फ्लॅश आपल्याकडे असतोच. तो लेन्सच्या चार बोटं वर असतो आणि समोरच्या माणसाच्या थेट तोंडावर मारतो. भाच्याच्या बारशाला मी मोठ्या आत्याचा फोटो त्याच्या भरवशावर काढला. कपाळावर निरांजन लावल्यासारखी तिरीप, नाक चेहऱ्यात विरघळलेलं आणि मागच्या भिंतीवर आत्याच्याच आकाराची काळीकुट्ट दुसरी बाई. आत्याने फोटो जवळ धरला, लांब धरला आणि विचारलं, "माझ्यामागे कोण उभी आहे रे?"

तोच उजेड आधी छतावर फेकला तर सगळं छत दिवा होतं. दिवा जेवढा मोठा, तेवढ्या सावल्या मऊ. खिडकीजवळ बसलेला माणूस बरा दिसतो त्याचं कारण हेच. तेव्हा फ्लॅशचा पहिला गुण ताकद नव्हे, मान. ती वर झाली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना वळलीही पाहिजे, कारण कॅमेरा उभा धरला की नुसती वर होणारी मान आडवी होते आणि सगळा उजेड शेजाऱ्यांच्या भिंतीकडे जातो. मान न वळणारे फ्लॅश स्वस्त मिळतात. ते हातात घ्यावेत, "छान आहे" म्हणावं आणि परत ठेवावेत.

छताच्या रंगाबाबत मात्र तडजोड नको. आमचं छत रंगाऱ्याच्या आग्रहाखातर फिकट पिस्त्याचं केलेलं होतं. फ्लॅश आल्यावरच्या पहिल्या दिवाळीत त्यावरून उजेड उडवून मी एकवीस पाहुण्यांचे फोटो काढले. एकवीसच्या एकवीस जण नुकतीच बस लागल्यासारखे दिसत होते. मंगल कार्यालयात याहून बिकट परिस्थिती असते. तिथलं छत वीस फुटांवर आणि मध्ये मांडववाल्याने ताणलेलं झेंडूच्या रंगाचं कापड. त्यावर फ्लॅश मारला की हळद लागायच्या आधीच सगळं वऱ्हाड पिवळं.

आता ताकदीकडे वळू. खोक्यावर 'गाइड नंबर ५८' किंवा '६०' असा आकडा ठळक छापलेला असतो. तो लग्नाच्या बायोडेटातल्या पगारासारखा वाचावा. म्हणजे खोटा नसतो, पण त्यात बोनस, ओव्हरटाइम आणि गावची आंब्याची कलमं धरलेली असतात. आयएसओ १०० असताना गाइड नंबरला एफच्या आकड्याने भागलं की फ्लॅश किती मीटर पोचतो ते कळतं. पण ५८ हा आकडा येतो फ्लॅशचा झूम १०५ मिलिमीटरवर नेऊन, म्हणजे उजेडाची बारीक धार करून. ६० वाले त्यासाठी २०० मिलिमीटरपर्यंत जातात. घरात आपण असतो ३५ च्या आसपास आणि तिथे तोच फ्लॅश चाळिशीच्या आत येतो. तरी घाबरू नये. ३६ भागिले ४ म्हणजे ९ मीटर. आपल्या टुणकनरावांचे १२ भागिले ४ म्हणजे ३. छतावरून फिरवून आणायचं तर वाट लांबते, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो आणि छतही मधल्यामध्ये आपली दलाली कापून घेतं. पण आयएसओ १०० चा ४०० केला की गाइड नंबर दुप्पट होतो, तोही फुकटात. जास्त दमाच्या फ्लॅशसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे एकदा करून पाहावं.

खरेदीला मुंबईकरांनी फोर्टात बोरा बाजार गाठावा. कॅमेरा सोबत न्यावाच. फ्लॅश ज्या खाचेत बसतो तिला शू म्हणतात आणि तिच्या मधोमध टिकलीएवढा धातूचा ठिपका असतो. फ्लॅशला "मार" म्हणून सांगणारा तोच. घरून निघतानाच तो आहे का ते नखाने चाचपून पाहावं. कॅननच्या २०१९ च्या २०० डी मार्क टूमध्ये हा ठिपकाच दिलेला नाही. एका पिनेचा साधा फ्लॅश त्यावर ऐटीत बसतो, फक्त पेटत नाही. जुना सोनी वापरणाऱ्यांची आणखी वेगळी कथा. त्यांच्या शूची घडण मिनोल्टाने १९८८ मध्ये काढलेली आणि सोनीने २०१२ पर्यंत चालवलेली. त्यात बाकीच्या जगाचा फ्लॅश मधल्या जोडतुकड्याशिवाय जात नाही.

दुकानातला संवाद असा होतो.

"बजेट किती, साहेब?"

हा आकडा सांगू नये. मी सांगितला.

"मग टीटीएल घ्या. तुम्हाला काही करायलाच नको."

"पण मला करायचंय."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी त्याआधी फक्त दातांच्या डॉक्टरकडे पाहिली होती.

टीटीएल म्हणजे फोटोच्या क्षणभर आधी फ्लॅश बारीकसा चमकतो, परत आलेला उजेड कॅमेरा लेन्समधून मोजतो आणि किती मारायचं ते स्वतः ठरवतो. धावपळीत हे सोयीचं. पण काळा कोट दिसला की तो जास्त मारतो आणि पांढरं धोतर दिसलं की हात आखडतो. पहिला फ्लॅश हाताने चालवायचाच घ्यावा, असं माझं मत आहे. गोडॉक्सचा टीटी ६००, योंगनुओचा ५६० अशी त्यातली नावं. पूर्ण ताकद, निम्मी, पाव, असं करत १२८ व्या हिश्शापर्यंत उतरता येतं. चार जेवणावळींत हात बसतो आणि कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव लावलेल्या एका फ्लॅशच्या पैशांत असे दोन-तीन येतात.

याहून स्वस्त मार्ग काकांच्या माळ्यावरून जातो. प्रत्येक कुटुंबात एक काका असतात, त्यांना फोटोग्राफीचा नाद होता आणि माळ्यावर त्यांचा फिल्मच्या काळातला फ्लॅश असतो. "घेऊन जा, चांगला चालू आहे," असं ते प्रेमाने म्हणतात. फ्लॅश खरंच चालू असतो, धोका पुढेच आहे. व्हिविटार २८३ सारख्या फ्लॅशच्या काही जुन्या नगांत शूच्या पिनेवर दोनशेहून जास्त व्होल्ट येतात. फिल्मच्या कॅमेऱ्याला त्याचं काही नव्हतं, पण डिजिटलमध्ये काही कॅमेऱ्यांची मर्यादा ६ व्होल्टची. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून घ्यावा आणि आकडा मोठा आला तर फ्लॅश शोकेसमध्ये मांडून ठेवावा. काका आल्यावर दिसला पाहिजे.

यानंतरचा विषय पेन्सिल सेल. फ्लॅशला चार लागतात आणि इथे काटकसर करणाऱ्याचं काय होतं ते मी स्वतः पाहिलं आहे. चुलतबहिणीच्या लग्नाच्या सकाळी घरात नवे सेल नव्हते. दोन मी भिंतीवरच्या घड्याळांतून काढले, एक हॉलमधलं आणि एक स्वयंपाकघरातलं, आणि दोन टीव्हीच्या रिमोटमधून. कार्यालयात शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरकला, मी बटण दाबलं आणि फ्लॅश झकास पेटला. त्या फोटोत नवरीच्या मामाची पाठ आहे. मामा बाजूला झाले तेव्हा फ्लॅश आतल्या आत चिंऽऽऽ करत पुन्हा भरत होता. हार पडले, टाळ्या झाल्या, भटजींनी नाक शिंकरलं. मग लाल दिवा लागला. तेवढ्यात नवरा-नवरी नातेवाइकांच्या वेढ्यात दिसेनाशी झाली होती. घरी आई वेगळ्याच कारणाने वाट पाहत होती. दोन्ही घड्याळं पावणेआठवर थांबली होती आणि त्यांच्या भरवशावर ती गॅसवाल्याला थांबवून बसली होती.

तेव्हा फ्लॅशच्या बजेटातच रिचार्जचे निकेल मेटल हायड्राइड सेल धरावेत, दोन हजार एमएएचच्या आसपासचे, चारांचे दोन संच. व्होल्ट १.२ च असतात म्हणून कमी समजू नये. फ्लॅशला एकदम जो मोठा घोट लागतो तो हे सेल देतात. घड्याळाचा सेल चमच्याने पाजतो. चारही एका वयाचे आणि एकत्र वाढलेले असावेत. त्यांच्यात रिमोटचा पाहुणा घुसवू नये.

शटरबद्दल एवढंच. वेग १/२०० च्या वर नेऊ नये, फार तर १/२५०. मी तो एकदा १/५०० वर ठेवला होता आणि कॅमेरा उभा धरला होता. नवरीकडची बाजू लख्ख आणि नवऱ्याकडची काळी आली. तो फोटो नवऱ्याच्या आईने पाहिलेला नाही.

फ्लॅशच्या तोंडावर घालायची दुधी प्लॅस्टिकची टोपी दुकानदार हमखास पुढे करतो. छत नसलेल्या जागी तिचा उपयोग सेल लवकर संपवण्यापुरता. त्याऐवजी जाड लग्नपत्रिका घ्यावी, तिची कोरी बाजू पुढे करून ती मेथीच्या जुडीच्या रबराने फ्लॅशमागे उभी बांधावी. छतावर जाणारा थोडा उजेड ती चेहऱ्यावर वळवते आणि डोळ्यांत चमक येते. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका टाळावी.

आमच्या पिस्त्याचं पुढे काय झालं, तर मागच्या महिन्यात रंगाऱ्याला बोलावलं. फक्त हॉलचं छत, दोन हात, असं निक्षून सांगितलं. त्याने वर पाहिलं, खिशातून पेन्सिल काढून भिंतीवरच हिशोब केला आणि आकडा सांगितला. फ्लॅश, सेल आणि चार्जर मिळून झालेल्या खर्चापेक्षा तो मोठा होता.

"आणि पांढरा कुठला लावू?" शेड कार्ड उघडत तो म्हणाला. "यात चौदा आहेत."