नेट आहे की!

कोकणात भाड्याची खोली शोधताना फोनवर काहीही विचारा, उत्तर ‘आहे की!’ असंच येतं. पाणी? आहे की. कमोड? आहे की. पंखा? आहे की. यात खोटं तिळभरही नसतं. पाणी विहिरीत असतं, कमोड अंगणापलीकडच्या नव्या खोलीत असतो आणि पंखा तर डोळ्यांना दिसतच असतो. गुहागरच्या नानांनी ‘नेट आहे का?’ याला दिलेलं उत्तरही याच जातकुळीतलं होतं.

पुण्यात आमच्या इमारतीचे ड्रेनेजचे पाइप बदलायला काढले होते. सोसायटीच्या भाषेत ‘आठवड्याचं काम’, म्हणजे महिना कुठे गेला नाही. ऑफिस घरूनच चाललेलं, आणि ते घर कुठलं असावं याबद्दल ऑफिसचं काही म्हणणं नव्हतं. म्हटलं, फाल्गुनात समुद्राकाठी बसून काम करू.

पोचल्यावर पहिल्या चहालाच विचारलं, “नाना, वायफायचा पासवर्ड?” नानांनी चहा खाली ठेवायला लावला, मला मागच्या दारी नेलं आणि विहिरीच्या रहाटाजवळ एका माडाला टेकवून उभं केलं. “इथं येतं. हलू नका.” मग स्वतःचा फोन काढून भाच्याने धाडलेला शुभ सकाळचा गुलाब उघडला. गुलाब वरून खाली, पाकळीपाकळीने उतरला. देठ यायला जरा वेळ लागला. “बघा! फुल्ल नेट!”

घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. भिंती दीड हात जाड, त्यामुळे आत एप्रिलमध्येही गारवा, आणि जी भिंत उन्हाला दाद देत नाही ती मोबाइलच्या लहरींना काय देणार? त्यातही फाइव्हजीची मिजास वेगळी. ऑक्टोबर २०२२मध्ये ते आपल्याकडे आलं तेव्हा सगळ्यांनी वेगाचं कौतुक केलं, पण ३५०० मेगाहर्ट्झची लहर भिंतीपुढे फार लवकर हात टेकते हे कुणी मोठ्याने बोललं नाही. ७००ची जुन्या वळणाची लहर निदान उंबरा ओलांडते. नानांच्या घरात ओटीवर एक काडी, माजघरात शून्य आणि न्हाणीघराच्या खिडकीत, का कोण जाणे, तीन. त्या खिडकीतून मी बंबाशेजारी उभा राहून ऑफिसशी बोलत असे. माझा आवाज घुमतो, काही भव्य हॉल वगैरे घेतलाय का, असं एकाने विचारलंसुद्धा.

चेहरा दाखवायच्या मीटिंगला मात्र विहीर गाठावी लागे. माडाखाली बसू नये हे इथे पोरांना चालायला यायच्या आत शिकवतात, आणि मी तर नेमका तिथेच मांडी घालून बसायचो. काकूंना राहवेना. “अहो, डोक्यावर निदान टोपली तरी घ्या!” मी घेतली. कॅमेऱ्यात फक्त काठ दिसायचा. ऑफिसात त्याला ‘बीच हॅट’ म्हणू लागले.

फोनला रोज दोन जीबी मिळायचे. व्हिडिओ मीटिंग तासाला एकाच्या आसपास खाते. म्हणजे सकाळची मीटिंग, आणि तिच्यात नक्की काय ठरलं हे ठरवायची दुसरी मीटिंग, एवढ्यात दिवसाचा शिधा संपे. पुढे रात्री बारापर्यंत वेग ६४ केबीपीएस. मोडेमचं ते खरखरणं आणि किंचाळणं ज्यांनी ऐकलंय त्यांना ५६चा मोडेम आठवेल. पाव शतकात आपण तिथून आठने पुढे आलो. २०२३पासून सरकारदरबारी २ एमबीपीएसच्या खालच्या कशालाही ब्रॉडबँड म्हणत नाहीत. त्या हिशेबाने जेवणानंतर मी देशाच्या व्याख्येबाहेर राहत होतो.

शेवटी एका मोठ्या कंपनीला फोन लावला. न्हाणीघरातून.

“सर, सहा महिन्यांचा प्लॅन घेतलात तर जोडणी फ्री आहे.”

“मला एकच महिना हवंय.”

“पण पुढे कंटिन्यू करालच ना, सर?”

“नाही हो, मी इथला नाही.”

“मग कुठले, सर?”

“पुण्याचा.”

“मग पुण्याला देऊ का कनेक्शन?”

“पुण्याला आहे.”

“मग प्रॉब्लेम काय आहे, सर?”

याला उत्तर नव्हतं. आपल्याकडे दोन दिवसांसाठी मांडव मिळतो, ताटवाट्या मिळतात, वरातीला घोडा मिळतो, घोड्याबरोबर माणूसही मिळतो. घोडेवाला कधी कायमचा पत्ता विचारत नाही. इंटरनेट मात्र मुलीच्या बापासारखं आधी चौकशी करतं: पक्कं राहायला कुठे? घर स्वतःचं का? पुढचा विचार काय? महिन्यापुरता आलेला माणूस त्यांच्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नाही.

माझी ही उलाघाल नानांनी अडकित्त्याने सुपारी कातरत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “पण आमच्या केबलवाल्याला का नाही विचारलंत?”

“तुम्हीच म्हणालात ना, नेट आहे?”

“आहे की! त्याच्याकडे आहे.”

केबलवाला म्हणजे पंचविशीचा पोरगा. बापाने घरोघर टीव्हीच्या केबली ओढल्या, याने त्याच खांबांवरून फायबर ओढलं. खांद्यावर वायरचं वेटोळं अडकवून तो मोटारसायकलवरून आला, घराभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “महिन्यापुरतं नाही जमणार, दादा. एवढी वायर ओढायची, माडावर चढायचं, आणि तुम्ही जाणार. नानांच्या नावावर करू या. तुम्ही गेल्यावर नाना बघतील.”

“मी काय बघू?” नाना उखडले.

“क्रिकेट.”

नाना आधार कार्ड आणायला आत गेले.

पुढचं सगळं नानांच्या फोनवर आलेल्या ओटीपीपाशी अडलं. तो आला विहिरीपाशीच, पण नाना सांगेनात. “बँकेनं बजावलंय. ओटीपी कुणालाही सांगू नये. कुणालाही म्हणजे कुणालाही.” पोरगा म्हणाला, नाना, मी तुमच्या मांडीवर वाढलोय. “तेव्हा ओटीपी नव्हता,” नाना म्हणाले. वाद मिटेपर्यंत ओटीपीची मुदत संपे, की दुसरा येई. अखेर पोराने मोबाइल नानांच्या हातात दिला आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. नानांनी एकेक आकडा मनात म्हणत दाबला, फोन धोतराला पुसला आणि परत दिला.

वायर आली ती रस्त्यावरच्या खांबावरून फणसाला, फणसावरून दोन पोफळींना आणि तिथून ओटीच्या वाशाला. आतला जो काचेचा गाभा, तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, आणि त्यातून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने उजेड पळतो. गुहागर-पुणे त्याला पापणी लवायच्याही आत. अडथळे सगळे शेवटच्या पोफळीनंतर. राउटर ठेवला फडताळात, कारण इन्व्हर्टरचा पॉइंट तिथेच. काकूंनी धूळ बसू नये म्हणून त्याला क्रोशाचा रुमाल घातला. मी काढायचो, त्या घालायच्या. रात्री नवाच्या ठोक्याला त्या बटण बंद करीत. मी दबक्या आवाजात हरकत घेतली तेव्हा म्हणाल्या, “दिवसभर राबतोय बिचारा, रात्री तरी निजू दे.” आळीतल्या पोरांना पासवर्ड कुणी दिला ते कळलं नाही, पण संध्याकाळी ओटीच्या कठड्यावर बसायला जागा उरेना. नानांना वाटायचं, पोरांना आपला लळा लागलाय.

मग शिमगा आला. शिमग्यात कोकणात कामाचं नाव काढू नये हे मला ठाऊक होतं, ऑफिसला नव्हतं. ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात यायची नेमकी त्याच वेळी क्लायंटबरोबरची मोठी मीटिंग. मी ओटीच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसलो. ढोल-ताशा जवळ आला. पालखीपुढे उंच निशाण असतं, त्याला अडतील त्या वायरी दोन पोरं बांबूने वर उचलून धरतात. आमची वायर उचलली, पालखी खालून गेली, आणि निशाणाने जाता जाता तिला अलगद आपल्याबरोबर नेलं. राउटरवर लाल दिवा. मी स्क्रीनमध्ये ओरडत होतो, “ऐकू येतंय का? हॅलो?” आणि मोठे साहेब तोंड उघडं टाकून गोठले होते.

केबलवाला होता कुठे, तर पालखीच्याच दांड्याखाली, गुलालाने माखलेला. नाना गरजले, “आधी याचं जोड रे!” पोराने दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला, मोटारसायकलच्या पेटीतून यंत्र काढलं आणि पायरीवर फतकल मारली. हाताचा गुलाल लेंग्याला पुसला. वायरीचं वरचं साल ओरबाडून काढलं, केसाइतका काचेचा धागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, छोट्या कातरीत धरला, टक्. दोन्ही टोकं यंत्रात ठेवून झाकण लावलं. एवढ्याशा पडद्यावर दोन जाडजूड खांब एकमेकांकडे सरकताना दिसले, थबकले, आपापली मान सरळ केली, एक ठिणगी उडाली आणि त्यांच्यातली फट नाहीशी झाली. बाजूला ढोल टिपेला पोचला होता आणि याचा हात कणभर हलला नाही. दुसरं मीटर लावून त्याने वाचलं, “मायनस बावीस. सत्तावीसच्या खाली गेलं की संपलं. हे पळेल.” आणि तो पुन्हा दांड्याखाली शिरला.

राउटरचा दिवा हिरवा झाला. मी पालखीला नमस्कार करायला अंगणात उतरलो होतो. ओटीवरच्या लॅपटॉपने मीटिंग आपली आपण पुन्हा जोडली, आणि मघाशी मी ‘हॅलो हॅलो’ करत होतो तो माइक अजून उघडाच होता.

अंगणात गाऱ्हाणं सुरू झालं. “बा देवा महाराजा! आज जी काय तुझी पालखी या घराच्या अंगणात आली, ती मान्य करून घे महाराजा!”

“होऽऽय महाराजा!” सगळी आळी गरजली.

“हा जो पाव्हणा पुण्यासून आला, त्याची काय ती वायर, तिच्यावर कुणाची वाकडी नजर असंल, इडापीडा असंल, ती सात समुद्रापार कर महाराजा!”

“होऽऽय महाराजा!”

मी ओटीकडे धावलो. लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज येत होता, “...तर सगळं टेस्टिंग शुक्रवारपर्यंत नक्की होईल ना?”

“...आणि याच्या हातून जे काम व्हायचं, ते बिनघोर पार पाड महाराजा!”

“होऽऽय महाराजा!”

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, “वा! काय एनर्जी आहे टीमची! मग शुक्रवार कशाला, गुरुवारच धरू या ना?”

मी माइक बंद करायला बोट पुढे केलं, तोच मागून पुन्हा आवाज उठला.

“होऽऽय महाराजा!”